पांढऱ्या पाठीचं घर

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. भिंतीला मान नसते, पण असती तर ती ताठ ठेवूनच मी तुमच्याशी बोलले असते. घराची समुद्राकडची भिंत मी. बाकीच्या तिन्ही बाजूंच्या भिंती आल्या आणि गेल्या, छपरं बदलली, खिडकीच्या चौकटी तर किती कुजल्या त्याची मोजदाद मी ठेवली नाही. मी मात्र जिथे उभी राहिले तिथेच आहे. माझी जाडी एवढी की खिडकीत माणूस पाय वर घेऊन ऐसपैस बसतो. कुणी म्हणेल बढाई मारते. मारते तर मारते. समुद्राच्या समोर उभं राहून दाखवा आणि मग बोला.

मला बांधलं ते होड्या बांधणाऱ्या आजोबांनी. तेव्हा ते आजोबा नव्हते, चांगले तरणेताठे होते, नुकतंच लग्न झालेलं. राहायला होड्यांची शेड, आणि आजी पोटुशी. शेडमधून वारा आरपार जायचा. 'बाळाला वारा लागता कामा नये, समुद्राकडून निदान एक भिंत तरी हवी,' असं आजीने निक्षून सांगितलं, आणि आजोबा कामाला लागले. ओहोटी लागली की ते किनाऱ्यावरून दगड वेचायचे आणि ढकलगाडीत घालून आणायचे. शिंपले भाजून त्यांचा चुना केला. होडी बांधणाऱ्याचा हात तो, सांधे असे बसवले की दोन दगडांमध्ये नखसुद्धा शिरू नये.

आणि नेमकी त्याच वर्षी विहीर आटली. चुना कालवायला गोडं पाणी लागतं, पण घरात गोडं पाणी भांड्याच्या तळाशी आलेलं. बाळ तोवर जन्मलं होतं. आजी म्हणाली, "पाणी मला आणि पोराला, की तुमच्या भिंतीला, ते एकदा ठरवा." आजोबांनी बादली उचलली आणि समुद्राची वाट धरली. माझा खालचा भाग, उभ्या माणसाच्या खांद्यापर्यंतचा, खाऱ्या पाण्यात कालवलेल्या चुन्याने बांधला आहे. पुढे पाऊस झाला, विहीर भरली, आणि वरचा भाग गोड्या पाण्यात झाला.

भिंतीच्या पोटात एकदा मीठ गेलं की ते काही बाहेर निघायचं नाव घेत नाही. हवा ओली झाली की मला घाम फुटतो आणि कोरडी झाली की अंगावर पांढरा लोणा उमटतो, पिठासारखा. तो खांद्याच्या उंचीवर येऊन थांबतो, अगदी रेघ मारल्यासारखा. मला टेकून बसलात की पाठ पांढरी झालीच म्हणून समजा. त्यावरून गल्लीने या घराला नावच पाडलं, पांढरपाठे. घरातलं पोर शाळेत निघालं की मागून कुणीतरी ओरडायचंच, 'पांढरपाठे चालले, पांढरपाठे चालले.' हसणाऱ्यांना काय माहीत की जे गोडं पाणी मला मिळालं नाही, ते बाळाच्या आईच्या पोटात गेलं होतं. त्या बाळाला आता घरात सगळे बाबा म्हणतात. त्यांचे केस पिकले आहेत आणि तेही होड्याच दुरुस्त करतात. माझ्या डागाचा मला अभिमान आहे तो एवढ्यासाठी.

माझ्या आयुष्यातलं मोठं काम म्हणजे ते वादळ. तेव्हा आमच्या पुढे घरांच्या आणखी दोन ओळी होत्या. वादळ आलं तेव्हा समुद्र त्या ओळींवरून चालत आला आणि माझ्यावर येऊन आदळला. मी तसूभर हलले नाही. बाकीच्या भिंती विटांच्या होत्या, त्यांना तडे गेले, पण त्या माझ्या आडोशाने वाचल्या. सकाळी पुढच्या दोन्ही ओळी नव्हत्या. माणसं वेळेवर निघून गेली होती म्हणून जगली. नंतर कितीतरी लोक येऊन माझ्या अंगावरून हात फिरवून गेले. 'काय भिंत आहे,' म्हणाले. ते दिवस माझ्या अजून डोळ्यांसमोर आहेत. डोळे म्हणजे खिडकी हो.

त्या वादळानंतर नियम आला. सरकारी माणसांनी किनाऱ्यापासून आत एक रेषा आखली आणि ठिकठिकाणी लाल डोक्याचे दगड रोवले. रेषेच्या आत, म्हणजे समुद्राच्या बाजूला, नवीन घर बांधायचं नाही. जुनं असेल ते दुरुस्त करा, वाटल्यास एक मजला चढवा, पण मूळ घराची एक तरी भिंत जागेवर उभी असली पाहिजे. ती नसेल तर ते घर नवीन धरलं जाईल आणि पाडावं लागेल. शाळेच्या सभागृहात हे वाचून दाखवलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मोकळ्या वाळूवर एका हॉटेलवाल्याचा डोळा होता, त्याचा पत्ता कट झाला.

नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही. लाटा मी अंगावर घेतल्या आहेत, मला विचारा. वाळूचे ढीग पुन्हा उभे राहिले, त्यांच्यावर गवत धरलं, आणि पुढच्या वादळात समुद्र तिथेच दमून परत गेला. माझ्यापर्यंत आलाच नाही. खरं सांगायचं तर मला जरा चुकल्यासारखंच झालं.

पण मित्रांनो, झालं असं की घरं वाढेनात आणि गल्लीतली पोरं मात्र मोठी होत गेली. त्यांची लग्नं झाली, त्यांना राहायला खोल्या हव्या झाल्या. नवीन घर बांधायची सोय नाही. मग होती तीच घरं सोन्याच्या भावाने जायला लागली. आता पुढे काही बांधलं जाणार नाही, समुद्र कायम असाच समोर दिसणार, हे बाहेरच्या पैसेवाल्यांच्या बरोबर लक्षात आलं. शेजारच्या पाववाल्याला तीन मुलगे. एका घरात तिघांचे संसार मावेनात, म्हणून त्याने घर विकलं आणि सगळे डोंगरापलीकडे राहायला गेले. नवे मालक उन्हाळ्यात येतात, चार दिवस खिडक्या उघडतात आणि जातात. पाववाल्याच्या जुन्या भिंतीला त्यांनी काच बसवली आहे, वर एक छोटा दिवा लावला आहे. कुणी पाहुणे आले की तिला दाखवतात. पाव आता लांबून गाडीने येतो, तो येईस्तोवर गार होतो.

आमच्या घराचंही सुरळीत चाललं होतं असं नाही. बाबांची बायको, म्हणजे घरातली आई, नवी नवरी होऊन आली तेव्हापासून माझं आणि तिचं जमलं नाही. ती स्वभावाने टापटिपीची. तिला माझा लोणा डोळ्यांत खुपायचा. रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायची आणि दुपारपर्यंत मी पुन्हा पांढरी व्हायची. शेवटी तिने माझ्यापुढे कपाट आणून ठेवलं, उरलेल्या जागेवर पडदा सोडला. घरातून बाहेर पडणाऱ्याला ती दारात अडवायची. "थांब, पाठ झटकू दे," म्हणायची आणि दोन चापट्या मारून मगच सोडायची. "लोक पाठ बघून ओळखतात आपल्याला. शोभतं का हे?" असं तिचं म्हणणं. वादळात मी घर वाचवलं हे ती विसरली नव्हती. पण पाहुण्यांना काही ते सांगता येत नाही ना, असं ती म्हणायची. पडद्यामागे मी कित्येक वर्षं काढली, आणि मला त्याचा राग यायचा.

मग लेकीचं प्रकरण आलं. लेक गावातल्या दवाखान्यात नर्स आहे. नवरा बसचा ड्रायव्हर. गावात भाड्याने खोली परवडेना म्हणून दोघं डोंगरापलीकडे राहत होती. ती दोन बस बदलून कामावर यायची आणि यायला उशीर झाला की पेशंट ताटकळायचे. त्यात घरमालकाने सांगितलं की खोली सोडा, उन्हाळ्यात मी पाहुण्यांना देणार. दोघांनी आणखी लांबचं बघायला सुरुवात केली. इतकं लांब, की मग हा दवाखानाच सोडावा लागला असता.

बाबा एक दिवस जेवताना म्हणाले, "घरावर मजला चढवू. पोरं वर राहतील."

"या विटांच्या भिंती मजला पेलतील होय?" आईने विचारलं.

"विटांच्या पाडू. समुद्राकडची ठेवू. ती आहे म्हणून तर परवानगी मिळेल."

आईने पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे हिच्यावर आलं सगळं."

"हो," बाबा म्हणाले. "आता ही सरकारी जावई आहे. हिला कुणी काही बोलायचं नाही."

मित्रांनो, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. कपाट हललं, पडदा निघाला. तिन्ही विटांच्या भिंती पाडल्या आणि मी एकटी उभी राहिले. माझ्या आडोशाला ताडपत्री बांधून तिच्याखाली घरातली माणसं राहू लागली. शेगडी, खाटा, भांडी, सगळं माझ्या पायाशी. पुढचं बांधकाम करण्याआधी तपासनीस बाई येऊन मला बघणार होत्या. मूळ भिंत जागेवर आहे एवढं त्यांनी म्हटलं की झालं. नाही म्हणाल्या, तर उरलेलं घरही गेलं.

आणि इथे आईने घोळ घातला. तिने काही वाईट मनाने केलं नाही. घरी बाहेरचं माणूस येणार, तेसुद्धा सरकारी, आणि घरात उभी असलेली एकमेव भिंत ही अशी डागाळलेली. तिच्या जिवाला ते बघवेना. बाबा होड्यांवर गेले होते, लेक दवाखान्यात होती. आईने आपल्या भावाला बोलावून घेतलं. हा मामा गवंडी. बहिणीच्या शब्दाबाहेर नाही.

"ताई, ही भिंत अशीच ठेवायची ना?" त्याने विचारलं.

"ठेवायचीच आहे. पण जरा बरी दिसू दे की. पाहुणी यायची आहे."

मामाने सिमेंट कालवलं, मला वरपासून खालपर्यंत गिलावा केला, घोटून घोटून गुळगुळीत केलं. वर निळसर चकचकीत रंग दिला. संध्याकाळी बाबा आले आणि माझ्यासमोर उभेच राहिले. आई हौसेने म्हणाली, "कशी दिसते?"

"नवी दिसते," बाबा म्हणाले, आणि खाटेवर बसले. मग आईला कळलं आपण काय केलं ते.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. सडपातळ, धुळीने भरलेली चप्पल, खांद्याला पिशवी. त्यांनी माझ्यावर हात फिरवला, वास घेतला, आणि बाबांकडे वळल्या.

"ही जुनी भिंत?"

"जुनीच आहे, मॅडम. काल गिलावा केला फक्त. आत दगड आहेत. खरवडून दाखवतो की आत्ता."

"नका दाखवू. पडक्या घरांचे जुने दगड आणून लोक रातोरात जुन्या भिंती उभ्या करतात. वर गिलावा मारतात म्हणजे सांधे दिसत नाहीत. मी मागच्याच महिन्यात तीन पकडल्या."

"शेजाऱ्यांना विचारा."

"साक्ष द्यायला शेजारी असतातच," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "मी तुम्हाला खोटं म्हणत नाही, काका. पण मला जे दिसतं तेच मी लिहिणार."

आई पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता. "माझं चुकलं, बाई. हिला घाम येतो. मीठ आहे हिच्या पोटात. ते दिसू नये म्हणून मी केलं हो. तुम्ही येणार म्हणून केलं."

"मीठ?" बाईंनी विचारलं.

मग बाबांनी त्यांना आटलेली विहीर, आजी, बादली, सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. "पंधरवड्याने मी पुन्हा याच वाटेने जाणार आहे," त्या म्हणाल्या. "तोवर भिंतीला कुणी हात लावायचा नाही. खरवडायचं नाही, धुवायचं नाही. पोटात मीठ असेल तर येऊ दे बाहेर."

त्या गेल्या. लेक कामावरून आली तेव्हा आई रडत होती. लेक म्हणाली, "आई, जाऊ दे. आम्ही बघतो लांबचं घर. बस तर मिळतेच." पण तिलाही माहीत होतं की आता प्रश्न एकट्या तिचा राहिला नव्हता.

आता माझी पंचाईत बघा. जन्मभर मला सगळे म्हणत आले, अगं, आवर तो लोणा. तेव्हा तो माझ्याकडून आवरला नाही. आता सगळे वाट बघत होते आणि माझ्या अंगावर टिपूस उमटेना. मामाचं काम पक्कं, रंग त्याहून पक्का. माझा जीव त्या गुळगुळीत रंगाखाली घुसमटत होता. आई रोज उठली की आधी माझ्याकडे यायची. पूर्वी फडकं घेऊन यायची, आता हात मागे बांधून यायची. वाकून बघायची, बाजूने बघायची. ताडपत्रीचं टोक वाऱ्याने मला घासलं तर धावत जाऊन ते बांधायची. जावई चुकून टेकणार होता तर त्याच्यावर डाफरली, "लांब बसा हो. तिला तिचं काम करू दे."

असं इतक्या वर्षांत मला कुणी म्हटलं नव्हतं.

काही दिवस गेले. मग जमिनीकडून कोरडा वारा सुटला. गिलावा आतून वाळू लागला आणि वाळता वाळता माझ्या पोटातलं मीठ बाहेर ओढू लागला. मला ते कळत होतं. एका सकाळी माझ्या पायापाशी रंगाला बारीक फोड आला. आईने तो पाहिला, पण कुणाला बोलली नाही, नजर लागायला नको म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी असे खूप फोड आले. मग रंगाचे पोपडे सुटून पडायला लागले आणि त्यांच्या मागे पांढरा लोणा उमटला. तो चढत गेला, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत. आणि खांद्याशी येऊन थांबला, रेघ मारल्यासारखा. त्याच्या वर मामाचा निळा रंग जसाच्या तसा चकाकत होता. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "इथपर्यंत बांधून होईस्तोवर विहीर आटलेली होती."

तपासनीस बाई ठरल्याप्रमाणे आल्या. ताडपत्रीत शिरल्या आणि थबकल्या. त्यांनी रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट नेलं. मग बोटाला लागलेलं जिभेवर ठेवून पाहिलं.

"आमच्या घराला पण असा पट्टा होता," त्या म्हणाल्या. "समुद्राकडच्याच भिंतीला. आई त्यावर चटई टांगायची."

"मग, आहे अजून घर?" आईने विचारलं.

"विकलं आम्ही. मी आता डोंगरापलीकडे राहते. भाड्याने." बाईंनी पिशवी खाली ठेवली. "जरा बसू का?"

त्या खाली बसल्या आणि त्यांनी मला पाठ टेकली. आईने चहा दिला. तो बाई निवांत प्यायल्या. आई मात्र अस्वस्थ झाली होती, कारण तिला माहीत होतं काय होणार. बाई उठल्या तेव्हा त्यांच्या काळ्या सदऱ्यावर मानेपासून कमरेपर्यंत मोठा पांढरा पट्टा उमटला होता. आईचा हात सवयीने वर गेला.

"थांबा, पाठ झटकते तुमची."

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "साहेबांनी विचारलं की भिंत जुनी कशावरून, तर त्यांच्याकडे पाठ करून उभी राहीन. तुम्ही काम सुरू करा, काका. नवीन भिंतीला हे जमत नाही."

मित्रांनो, त्या बाई गल्लीतून तशाच चालत गेल्या. ताडपत्रीच्या फटीतून मी बघत होते. वादळाच्या वेळी लोकांनी माझ्यावरून हात फिरवला होता, तेव्हासुद्धा मला इतका अभिमान वाटला नव्हता.

आता घर उभं आहे. तीन भिंती नव्या, वर मजला, मजल्यावर लेक आणि जावई. लेक दवाखान्यात पायी जाते, आणि कुणाला रात्री-अपरात्री लागलं तर लोक खालून हाक मारतात. उरलेला गिलावा मामाने स्वतःच्या हाताने खरवडून काढला. काढताना बहिणीची खूप बोलणी खाल्ली, काम तिनेच सांगितलेलं असलं तरी. माझ्यापुढे कपाट नाही, पडदा नाही. रात्रीची जेवणं झाली की सगळे ओळीने मला टेकून बसतात. कधीमधी शेजारच्या काचेतल्या भिंतीकडे माझं लक्ष जातं. दिवा तिच्यावर रात्रभर असतो. तिचं अंग माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. पण पाववाल्याच्या घरातलं कुणी तिला पाठ टेकायला आता येत नाही, आणि तिचं मला वाईट वाटतं.

म्हणून तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्या हातात नियम करायचं काम येईल, तेव्हा एवढं लक्षात ठेवा. समुद्राला त्याची जागा द्या. वाळू राखा, गवत राखा. पण रेषा आखताना रेषेच्या आत जी माणसं राहतात त्यांच्या पोरांनी कुठे राहायचं, हेही त्याच दिवशी ठरवा. नाहीतर किनारा राहील, आमच्यासारख्या भिंती राहतील, आणि आम्हाला टेकणारं कुणी राहणार नाही. प्रत्येक भिंतीच्या पोटात मीठ नसतं, आणि प्रत्येक तपासनीस बाईला तसा पट्टा लहानपणी बघायला मिळालेला नसतो.

आज सकाळी लेक कामावर निघाली. निघण्याआधी चहाचा कप घेऊन ती माझ्यापाशी पाच मिनिटं बसली होती. दारात आईने तिला अडवलं. लेकीच्या निळ्या गणवेशाची पाठ पांढरी झाली होती. आईचा हात वर गेला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि मग तिने तो लेकीच्या डोक्यावरून फिरवला.

"जा," आई म्हणाली. "कळू दे लोकांना, कुठल्या घरची आहेस ते."